हनुवटीला पाच टाके

टेलरमास्तरांनी हॉस्पिटलच्या समाजसेविकाबाईंना भर दुपारी, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, बँडमास्तरच्या कोटात शिवून टाकलं.

असं काही झालेलं नाही. मास्तर तसा माणूसच नाही. गळ्यात टेप, कानावर खडू आणि डोक्यात दुसऱ्यांच्या कमरा, एवढाच त्यांचा संसार. तेव्हा वरचं वाक्य वाचलं असेल तर विसरा, नसेल वाचलं तर उत्तमच. गोष्ट सुरू होते सोमवारी दुपारी चारला, आणि त्या वेळी मास्तरांच्या दुकानात कुणीही कुणाला शिवून टाकलेलं नव्हतं.

शिवलं ते चार वाजून पाच मिनिटांनी.

झालं असं, की एका शाळेच्या बँडचे बारा कोट शिवायला आले होते. तांबडे, सोनेरी पट्टीचे, शिवाय तेरावा, मोठ्या मापाचा, बँडमास्तरचा. ढोल वाजवणाऱ्या मुलाचं माप आणि मास्तरांच्या नऊ वर्षांच्या मुलीचं माप तंतोतंत एक होतं, म्हणून ट्रायलला तिलाच कटिंगच्या टेबलावर उभं केलेलं. मुलीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहत होतं. घरात तिला भोंगा म्हणत. सकाळी डोळा उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं आणि रात्री झोप लागल्यावरही पाच-दहा मिनिटं चालू राहायचं. आत्या म्हणायची, देवाने पोरीला तोंड शिवताना बटण लावलं, काज करायला विसरला.

आता, पोरं ट्रायलला स्थिर उभी राहत नाहीत. खांदा बसवायला जावं तर नेमका हात वर करून नाक खाजवतात. यावर मास्तरांच्या उस्तादाने त्यांना एक युक्ती शिकवली होती. बाही जिथे संपते तिथे ती कोटाच्या बाजूला दोन कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायची. हात आपोआप सावधान. कच्चा दोरा असा मरतुकडा, की पोराने जरा जोरात शिंकलं तरी तुटतो, त्यामुळे भीती नाही. वीस वर्षांत मास्तरांनी शेकडो पोरं अशी टाचून ठेवली होती आणि एकाही पोराला, आईबापाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बऱ्याच आयांनी तर विचारलं होतं, की हे घरी करता येईल का.

त्या दिवशी कच्च्या दोऱ्याचं रीळ संपलं. हाताशी होता बटणाचा दोरा, मेण लावलेला. या दोऱ्याने लावलेलं बटण कोट फाटला तरी तुटत नाही. मास्तरांनी तोच सुईत ओवला. डावीकडे दोन टाके, उजवीकडे दोन. दोनच मिनिटांचं तर काम.

"आणि मग बाबा, ते शिपाईकाका ना, घंटा द्यायला गेले आणि घंटेचा दांडाच सापडेना, मग त्यांनी काय केलं माहितीये, त्यांनी टिफिनने, बाबा बघा ना, असं, असं वाकून—"

मास्तर फळीवरचा खडू घ्यायला वळले होते. त्यांनी बघितलं नाही. त्यांनी ऐकलं. जड कात्री फरशीवर पडावी तसा आवाज आला, आणि मग त्या दुकानात नऊ वर्षांत पहिल्यांदा शांतता झाली.

भोंगा तोंडावर पडली होती. टेबलाच्या उंचीवरून सरळ, फळी पडावी तशी. दोन्ही हात अंगाला चिकटून, अगदी शिस्तीत. हनुवटी फुटली होती आणि फरशीवर रक्त पसरत होतं. मास्तरांनी कात्री घेतली, चारही टाके कापले आणि आधी कोट काढला. म्हणजे आधी कोट, मग मुलीला उचललं. गिऱ्हाइकाच्या मालाला डाग लागू द्यायचा नाही हे हातांना इतकं पाठ होतं, की त्यांनी डोक्याला विचारलंच नाही. पुढे कित्येक दिवस हे मास्तरांना जेवताना मध्येच आठवायचं आणि घास तसाच हातात राहायचा.

मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी जखम धुतली, हनुवटीला पाच टाके घातले.

"कशी पडली?"

"जिन्यावरून," मास्तर म्हणाले. तोंडातून निघून गेलं. 'मी हिला शिवून ठेवली होती' हे वाक्य त्यांनी मनात एकदा म्हणून बघितलं होतं आणि ते स्वतःच दचकले होते.

डॉक्टरांनी मुलीला तोंड उघडायला सांगितलं. तिने दोन बोटांइतकंही उघडलं नाही, रडायला लागली. दुखतंय, साहजिक आहे, असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते टाके बघत होते. पाचही टाके एका मापाचे, मध्ये सारखं अंतर, कुठे सुरकुती नाही, ओढ नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ज्याचा वरचा टाका असा, त्याचं आतलं काम काय असेल! उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकांना त्यांनी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली होती, की कोट वरून बघू नका, उलटा करून अस्तर बघा. आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी ते वरची शिवण बघून खूश होऊन घरी आले.

वाटेत त्यांनी तिला थांबवलं. खाली बसले, तिच्या उंचीला आले.

"हे बघ भोंगा. कोटाचं कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच नाही. चकार शब्द काढायचा नाही. बापाची शपथ आहे तुला."

तिने मान डोलावली.

आणि तिने चकार शब्द काढला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही.

घरी मास्तरांनी 'खेळताना पडली' एवढंच सांगितलं होतं. घरात अशी शांतता पसरली, की नळ गळतोय हे पहिल्यांदाच कळलं. भोंगाची आई बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसायची. दिवसभर सहाशे माणसांशी भांडून घरी आल्यावर सातव्या शतकाची सुरुवात भोंगा करायची. तर बुधवारी संध्याकाळी ती खुर्चीत बसली, पाय स्टुलावर टाकले आणि म्हणाली, "अहो, पाप लागेल म्हणून बोलत नाही, पण घर किती छान वाटतंय."

"घाबरलीये ती," मास्तर म्हणाले.

"घाबरू दे की जरा. चार दिवस."

मुलगी जेवत नव्हती, फक्त दूध पीत होती, तेही ओठांच्या कोपऱ्यातून. टाके ओढत असतील. सकाळी उशी लाळेने भिजलेली असायची. झोप गाढ लागत असेल. डावा गाल कानापाशी सुजला होता. त्याच कुशीवर झोपत असेल. प्रत्येक गोष्टीला त्या घरात उत्तर तयार होतं. आणि मास्तरांकडे तर सगळ्यात मोठं उत्तर होतं, ते ते कुणाला सांगू शकत नव्हते. काय इमानी पोरगी! बापाची शपथ म्हणजे शपथ! दुकानातून येताना ते रोज तिला एक कडक टॉफी आणत आणि डोळा मारून गुपचूप हातात देत. ती घ्यायची आणि फ्रॉकच्या खिशात ठेवायची. तीन टॉफ्या खिशात तशाच होत्या. मास्तरांना वाटलं, जपून ठेवतेय.

गुरुवारी दुपारी आत्या आली.

आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिचं आणि भोंगाचं गेली पाच वर्षं जाहीर युद्ध चालू होतं. आत्याने दारात चप्पल काढता काढताच पहिली तोफ डागली.

"काय गं भवाने, पडलीस म्हणे? जमिनीला लागलं नाही ना फार?"

भोंगाने वर बघितलं. काही बोलली नाही.

आत्या थांबली. तिने दुसरा बार काढला. "थोबाड तरी काय झालंय! आधीच काही राजकन्येचं नव्हतं."

काही नाही. मुलीच्या डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं, आणि खालचा ओठ हलला, म्हणजे उत्तर आत तयार होतं, नेहमीसारखं धारदार, पण बाहेर येत नव्हतं.

आत्या मटकन खाली बसली.

"अरे," ती मास्तरांना म्हणाली, आणि तिचा आवाजच फिरला होता, "हिला काहीतरी झालंय. मी हिला थोबाड म्हटलं आणि हिने मला उलट उत्तर दिलं नाही. अरे, या घरात मला असं कधी झालेलं नाही."

"दमलीये, ताई."

"तू गप्प बस. बाळा, दात दाखव आत्याला. ई कर."

भोंगाने ई केलं. खालचे दात आणि वरचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. सगळी खालची ओळ डावीकडे सरकली होती, चुकीच्या काजात बटण घातल्यावर कोट सरकतो तशी. मास्तरांनी ते बघितलं. त्यांनी आयुष्यभर हेच तर बघितलं होतं, एक बाजू वर, एक खाली. गेले तीन दिवस ती त्यांच्यासमोर बसत होती, आणि ते तिच्या टाक्यांचं कौतुक करत होते.

"भोंगा," ते कसेबसे म्हणाले, "तू शपथेमुळे बोलत नव्हतीस ना?"

तिने मान हलवली. नाही. मग बापाचा चेहरा बघून तिने घाईघाईने ती डोलावली. हो, हो.

मोठ्या हॉस्पिटलात जबड्याच्या डॉक्टर होत्या. बारीक चणीच्या, पांढरे बूट घातलेल्या. त्यांनी भोंगाच्या कानांपुढे दोन बोटं ठेवली, तोंड उघडायला सांगितलं. पंधरा मिलिमीटर उघडलं, तेही हनुवटी डावीकडे पळवून. मग फोटो काढले. दिवा लावलेल्या काचेवर फोटो लावून त्यांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"इथे हनुवटीपाशी चीर आहे. आणि हे इथे, कानाच्या पुढे, डाव्या बाजूला. जबड्याची बिजागरी म्हणा. तिची मान मोडलीये."

"मान?" आत्या ओरडली.

"बिजागरीची मान. मार बसतो हनुवटीला आणि मोडतं इथे वर. लहान मुलांत नेहमीचं आहे. हनुवटी फुटलेली दिसते, सगळे ती शिवतात आणि वर बघायचं राहून जातं. कधीची गोष्ट?"

"सोमवारची," मास्तर म्हणाले.

"आज गुरुवार आहे."

भोंगाची आई डेपोतून तशीच आली होती, गळ्यात डेपोचं ओळखपत्र. ती फोटोकडे बघत होती. 'घर किती छान वाटतंय,' असं आपण काल म्हणालो, हे तिला आठवत असणार, कारण तिने एकदम दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आत्या तिला धरून बाहेर घेऊन गेली.

डॉक्टरांनी भोंगाचे तळहात उलटे करून बघितले. मग गुडघे बघितले. मग पुन्हा तळहात.

"कशी पडली म्हणालात?"

"जिन्यावरून."

"पोरं रोज पडतात हो. सायकलवरून, झोक्यावरून, झाडावरून. पण पडताना हात पुढे करतात. हाताला शिकवावं लागत नाही. इथे तळहाताला ओरखडा नाही, मनगटाला सूज नाही, गुडघे स्वच्छ. सगळा मार एकट्या हनुवटीला." त्या मास्तरांकडे नीट बघत म्हणाल्या, "हिचे हात कुठे होते?"

मास्तर गप्प बसले. गप्प बसलेला बाप हॉस्पिटलात फार वाईट दिसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजसेविकाबाई आल्या. उंच, चष्मा, काखेत फाइल. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि भोंगाला पाटी दिली. बोलता येत नसेल तर लिही म्हणाल्या. भोंगाने लिहिलं, 'जिन्यावरून पडले.' कुठल्या पायरीवरून? 'सातव्या.' बाबा मारतात? 'नाही.' पुढे कुणी विचारलं नव्हतं तरी तिने लिहिलं, 'बाबांनी काही केलं नाही. बाबांनी काहीसुद्धा केलं नाही.' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

बाईंनी असल्या दोन रेघा नोकरीत पुष्कळ बघितल्या होत्या. त्या बाहेर आल्या आणि विचारलं, "जिना घरातला की दुकानातला?"

"कुठला जिना?" आत्या म्हणाली. "घर तळमजल्यावर. दुकान तळमजल्यावर. आमच्या खानदानात कुणी वर चढलेलंच नाही."

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. बायकोसुद्धा. बायको तर अशी बघत होती, जशी खोट्या नोटेकडे बघायची.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. कोट, टाके, मेणाचा दोरा, शपथ. खरं सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. इथे खरं सांगितल्यावर समाजसेविकाबाईंनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश विचारलं, "म्हणजे मुलीला तुम्ही बांधून ठेवलं होतं?"

"बांधून नाही हो. टाचून."

"तिच्या बोलण्याचा तुम्हाला त्रास व्हायचा?"

"सगळ्यांनाच व्हायचा," आत्या मदतीला धावली.

बाईंनी ते लिहून घेतलं.

"मॅडम," मास्तर म्हणाले, "चार टाके. ट्रायलचे. आमच्या धंद्यात करतात तसं."

"वीस वर्षं मी या खुर्चीत आहे. मला बापांनी कपाटाचं दार सांगितलंय, मांजर सांगितलंय, भूकंप सांगितलाय. पण कोट पहिल्यांदाच. दोन टाक्यांनी नऊ वर्षांचं पोर हात सोडवू शकत नाही? मला पटत नाही. या रिपोर्टवर ठरणार आहे मुलगी कुणाबरोबर घरी जाणार ते. पटण्यासारखं काही असेल तर सांगा."

मुलगी कुणाबरोबर घरी जाणार. मास्तरांच्या कानात एवढंच राहिलं. ते उठले आणि चालायला लागले. चालायला कसले, पळायला. पाऊण तासाने परत आले तेव्हा त्यांच्या हातात बँडमास्तरचा तांबडा कोट होता, सुई होती आणि मेणाच्या दोऱ्याचं रीळ होतं. कात्रीही होती, पण ती फाटकावरच्या पहारेकऱ्याने ठेवून घेतली. हत्यार आत न्यायचं नाही.

"घाला," मास्तर बाईंना म्हणाले.

"काय?"

"कोट घाला, मॅडम. तुम्हाला पटायला हवंय ना?"

आता बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण डॉक्टर दारात उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "घालून बघा की. मलाही कळू दे." बाईंनी फाइल टेबलावर ठेवली, उभ्या राहिल्या आणि कोट घातला. खांदा अप्रतिम बसला. मास्तरांनी नकळत मागची एक सुरकुती सारखी केली. मग सुई घेतली. डावीकडे दोन टाके. उजवीकडे दोन. आत्या वाकून बघत होती.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. त्यांनी हात ओढून बघितला. कोट हलला, हात हलला नाही. त्या जरा हसल्या. "बरं, पण ही काही एवढी—"

तेवढ्यात त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

तो सावरायला माणूस काय करतो? हात वर करतो. बाईंचा हात वर गेला नाही. म्हणून त्यांनी मान झटकली, मानेमागून खांदा गेला, चष्मा सुटला, त्याच्यामागे त्या वाकल्या आणि तोल गेला. एवढी उंच बाई सरळ, न दुमडता, टेबलाच्या कडेवर हनुवटी रोखून खाली यायला लागली. तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही. डॉक्टरांनी झेप घेऊन कोटाची कॉलर पकडली. हनुवटी आणि टेबलाची कड यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं.

शिवण उसवली नाही. मास्तरांनी मजबूतच शिवली होती.

बाई लोंबकळत होत्या, चेहरा पांढराफटक. त्यांचे दोन्ही हात कोटाच्या आत धडपडत होते, पिशवीतून बाहेर पडायला बघणाऱ्या मांजरासारखे. मास्तरांनी ते हात बघितले. सोमवारी त्यांची पाठ भोंगाकडे होती, म्हणून त्यांना हे दिसलं नव्हतं. तिचेही हात असेच धडपडले असणार. ते भिंतीला टेकले आणि टेकून खाली घसरत फरशीवर बसले.

"पटलं," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "आता उसवा."

"कात्री फाटकावर आहे," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांची कात्री येईपर्यंत बाईंना तसंच उभं राहावं लागलं. तेवढ्या वेळात एक परिचारिका डोकावली, बँड कधी आहे असं विचारून गेली. सुटल्यावर बाईंनी पहिल्यांदा काय केलं, तर स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला. मग फाइल उघडली आणि रिपोर्ट लिहिला. 'अपघात. वडिलांचा अक्षम्य निष्काळजीपणा. मारहाण नाही.' आणि वर बघत म्हणाल्या, "यातलं अक्षम्य मी खोडणार नाही."

"नका खोडू," मास्तर म्हणाले.

भोंगाच्या आईने नवऱ्याकडे बघितलं नाही. "दोरा मेणाचा होता हे तुम्हाला सोमवारी माहीत होतं. मला शुक्रवारी कळतंय," एवढंच म्हणाली आणि मुलीच्या खोलीत गेली.

शनिवारी सकाळी भोंगाला आत नेलं. त्याआधी डॉक्टरांनी मास्तरांना साच्यातून काढलेली तिच्या दातांची प्लास्टरची प्रतिकृती दाखवली. मोठ्या माणसाला पट्टी आणि स्क्रू लावतात, इथे लावायचे नाहीत.

"का?"

"कुठे मारू स्क्रू? दुधाच्या दातांखाली, हाडात, पक्के दात अजून झोपलेत. एकाला लागला तर तो उठायचाच नाही." म्हणून दातांवर बसेल अशी प्लास्टिकची टोपी, आणि ती घट्ट धरायला हाडाभोवती वळसा घालून बारीक तारा.

"म्हणजे कच्चा टाका," मास्तर म्हणाले.

"तसं समजा. तीन आठवड्यांनी काढायचा."

"तुटणार नाही ना?"

"तुमचा तुटला असता तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाल्या. वाईट हेतूने नव्हे. पण मास्तर तिथून उठले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

बिजागरीला मात्र हात लावायचा नव्हता. त्या वयात ती आपली आपण आकार घेते. दहा दिवस वरचे-खालचे दात रबरांनी बांधून ठेवायचे आणि मग लगेच सोडून रोज उघडायचे. हलवलं नाही तर हाड हाडाला जुळून बिजागरी कायमची गंजते.

"कायमची म्हणजे?"

"म्हणजे तोंड उघडत नाही. जन्मभर."

दहा दिवस ती दूध, सूप आणि मिक्सरमधून काढलेलं जे काही असेल ते नळीने प्यायली आणि पाटीवर लिहीत राहिली. अकराव्या दिवशी रबरं निघाली. सगळे पलंगाभोवती उभे होते. मास्तर, आई, आत्या, डॉक्टर. भोंगाने तोंड उघडलं. सोळा मिलिमीटर. डॉक्टरांनी मोजलं आणि मास्तरांनी न राहवून पुन्हा स्वतःच्या टेपने मोजलं. सोळाच.

"बोल, बाळा," आई म्हणाली. "काहीही बोल. वाट्टेल तेवढं बोल."

भोंगाने सगळ्यांकडे बघितलं. मग मान आत्याकडे वळवली आणि दातांच्या फटीतून, शब्द शब्द ढकलत म्हणाली, "माझं... थोबाड... मोडलंय. तुझं... कशानं... वाकडंय?"

आत्या पदरात तोंड खुपसून रडायला लागली. "बरी आहे ती," ती म्हणत होती, "बरी आहे गं पोरगी."

पण मास्तर अजून टेपकडेच बघत होते.

त्यानंतर घरात रोज तीन वेळा आइसक्रीमच्या काड्यांची चळत तोंडात घालायची, एक वाढवायची, एक मिनिट धरायचं. भोंगा ओरडायची, म्हणजे जेवढं उघडायचं तेवढ्यात ओरडायची. मास्तर काड्या धरायचे आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. ढोलवाल्या मुलाचा कोट त्यांनी शाळेला द्यायला नकार दिला, दुसरा शिवला. ट्रायल घेतली नाही. दुकानात येणाऱ्या पोरांनी नाक खाजवलं तर ते सुई खाली ठेवून, हात जोडून, खाजवून होईपर्यंत थांबायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तर भक्तिमार्गाला लागले.

दीड महिन्याने तोंड चौतीस मिलिमीटर उघडलं. दात दातांना भेटले. डॉक्टर खूश होत्या.

"आता दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. अठरा वर्षांची होईपर्यंत."

"का? बरी झाली ना?"

"झाली. पण जबडा वाढतो त्याच बिजागरीपासून. बहुतेक मुलांत दोन्ही बाजू सारख्या वाढतात. काहींत मोडलेली बाजू मागे राहते. मग चेहरा त्या बाजूला झुकतो."

"आणि हिच्यात?"

"ते वाढेल तेव्हा कळेल."

"म्हणजे नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"तुम्ही लिहून द्या, की सारखी वाढेल."

"मास्तर, वाढीची हमी जगात कुणी देत नाही."

"मी देतो. पोरांच्या पँटला खाली चार बोटं जास्त कापड दुमडून ठेवतो. पोर वाढलं की सोडायचं."

डॉक्टर दमलेल्या होत्या. बाहेर चौदा पेशंट होते. "अर्ज करा मग," त्या म्हणाल्या.

चेष्टेत म्हणाल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात भोंगा बाकावर बसून एका अनोळखी आजोबांना शिपाईकाकांच्या घंटेची गोष्ट सांगत होती, न थांबता, हनुवटी किंचित, अगदी किंचित डावीकडे नेत. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मापाच्या वहीतलं एक पान फाडलं, शेजारच्या खिडकीतून पेन मागून घेतलं आणि उभ्याउभ्याच भिंतीवर कागद धरून लिहायला लागले.

प्रति,
माननीय प्रमुख,
जबडा विभाग.

विषय : डाव्या बाजूच्या वाढीबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, अर्जदाराच्या मुलीची डावी बिजागरी अर्जदाराच्या हातून मोडलेली आहे. अर्जदाराचे वय अडतीस असून त्याच्या स्वतःच्या जबड्याची वाढ पूर्ण झालेली आहे. डावी बाजू सुस्थितीत असून अर्जदारास तिचे विशेष काम नाही. तरी मुलीच्या डाव्या बाजूस पुढील नऊ वर्षांत जे काही कमी पडेल, तितके माप अर्जदाराच्या डाव्या बाजूतून, शिवणीपुरती जागा सोडून, कापून घेण्यात यावे, आणि तसा लेखी आदेश आजच्या तारखेने मिळावा, ही नम्र विनंती.